एका अबोल व्याधीचा इतिहास

कांहीं दुखण्यांना वाचा असते. दाढ ठणकूं लागली म्हणजे घरांतला कर्ता पुरुष सारें घर जागें करतो; लहान मुलाच्या पोटांत कळ आली तर ती बातमी शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत जाते. उलट कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं, तीं ज्या माणसाला जडतात तें माणूस त्यांविषयीं अवाक्षर न काढतां जन्म घालवितें. प्रस्तुत लेखांत ज्या व्याधीचा व तिच्यावरील ज्या एका साध्या उपायाचा इतिहास आम्ही सांगणार आहों, ती व्याधि या दुसऱ्या वर्गांतली आहे. आपल्याकडील बायका तिला 'अंग बाहेर येणें' म्हणतात. कोठें 'मायांग उतरणें' तर कोठें 'पिशवी खालीं येणें' असाही शब्द आहे. वैद्यकाच्या भाषेंत तो गर्भाशयभ्रंश होय. आणि उपाय म्हणजे योनिमार्गांत आधारासाठीं बसवावयाचें एक कडें, ज्याला डॉक्टर लोक 'पेसरी' म्हणतात.

असला विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर आम्ही एका आठवणीनें देतों. आमच्या लहानपणीं आमच्या घरीं आमच्या वडिलांच्या एक आत्या राहत असत. आम्ही मुलें त्यांना आत्याआजी म्हणत असूं. सात बाळंतपणें झालेली ती बाई मोठी कामसू व करारी होती. परंतु भरलेली घागर ती कधीं उचलीत नसे, आणि पाटावर बसतांना भिंतीचा आधार घेऊन हळूच, एका अंगावर टेकत असे. धुण्याच्या दोरीवर तिचा जाड कापडाचा एक लंगोट लुगड्याच्या आड वाळत घातलेला असे. तो सोंवळ्यांतला कांहीं तरी प्रकार असावा, अशी आम्हां मुलांची समजूत होती. आत्याआजी वारल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं आमच्या मातोश्रींनीं सहज बोलतां बोलतां सांगितलें कीं, त्यांचें अंग जवळजवळ चाळीस वर्षें बाहेर येत होतें. घरांतल्या सगळ्या बायकांना तें ठाऊक होतें. एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतें. आणि कोणत्याही डॉक्टराला तें एकदांही दाखविलें गेलें नव्हतें. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनांत घर करून आहे. आम्ही वैद्य नव्हे. इतिहासाचे अध्यापक आहों. म्हणून या प्रश्नाकडे इतिहासाच्याच वाटेनें जाणें आम्हांला शक्य आहे.

प्रथम व्याधीचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. स्त्रीच्या ओटीपोटाच्या तळाशीं पुढें मूत्राशय, मध्यें गर्भाशय व मागें गुदाशय असे तीन अवयव एकापाठोपाठ एक बसलेले असतात. स्नायूंची एक झोळी त्यांना खालून तोलून धरते आणि दोरांसारखे बळकट बंध त्यांना वरून व बाजूंनीं सांभाळतात. बाळंतपणांत ही झोळी फार ताणली जाते, कधीं फाटतेही. पुढें पाळी गेल्यावर त्या भागाचा कस कमी होतो. त्यांत जुना खोकला, नेहमींचा मलावरोध, किंवा बाळंतपणानंतर लागलीच उचललेलीं ओझीं यांची भर पडली म्हणजे आधार ढळतो, व तिघांपैकीं एक किंवा अधिक अवयव योनिमार्गांत खालीं उतरूं लागतात. दिवस मावळतां मावळतां कांहीं तरी खालीं ओढत असल्यासारखें वाटणें, कंबर भरून येणें, लघवीला अडणें किंवा ती न आवरणें, आणि शेवटीं हाताला लागेल असा गोळा बाहेर येणें, हीं तिचीं लक्षणें होत. ही व्याधि सहसा जीव घेत नाहीं. बहुधा त्यामुळेंच तिच्याकडे लक्ष देण्याची घाई कोणाला वाटली नाहीं.

'पेसरी' या शब्दाचें मूळ मोठें मनोरंजक आहे. ग्रीक भाषेंत 'पेसॉस' म्हणजे पटावर खेळावयाचा लंबवर्तुळाकार खडा. आपल्या सारीपाटाची सोंगटीच म्हणा. औषधांत भिजविलेला लोकरीचा गोळा योनिमार्गांत ठेवीत असत, त्याचा आकार या सोंगटीसारखा दिसे, म्हणून त्याला तेंच नांव पडलें. पुढें औषध मागें पडून आधार हाच मुख्य हेतु झाला. नांव मात्र सोंगटीचेंच राहिलें. या सोंगटीनें गेल्या दोन हजारांहून अधिक वर्षांत किती घरें फिरलीं तें आतां पाहूं.

या व्याधीची लेखी नोंद फार जुनी आहे. इजिप्तमध्यें लाहून येथें फ्लिंडर्स पेट्री यांना सन १८८९ मध्यें जे पपायरस सांपडले, त्यांतील एक केवळ स्त्रीरोगांसंबंधीं असून तो ख्रिस्तपूर्व १८०० च्या सुमाराचा मानतात. त्यांत डोळे, दांत, पाय अशा दूरदूरच्या अवयवांच्या तक्रारींचें मूळही गर्भाशयांतच शोधिलेलें आढळतें. त्याहून अलीकडच्या, ख्रिस्तपूर्व १५५० च्या सुमाराच्या, एबर्स नांवाच्या पपायरसांत तर खालीं आलेलें गर्भाशय पुन्हां जागेवर नेण्याचे उपायच दिलेले आहेत. म्हणजे पिरॅमिडांच्या देशांतही अंग बाहेर येत होतें, आणि तेथील कोणा तरी स्त्रीनें तें कोणाला तरी सांगितलें होतें.

ग्रीक लोकांनीं या प्रश्नाला तत्त्वज्ञानाची जोड दिली. गर्भाशय हें स्वतःच्या इच्छेनें चालणारें, अपत्याची वासना असलेलें एक जनावर आहे, ती वासना तृप्त झाली नाहीं तर तें शरीरभर भटकतें, ही कल्पना प्लेटोच्या 'टिमीअस' या ग्रंथांत आलेली आहे. जशी कल्पना तसा उपचार. वर चढलेलें गर्भाशय खालीं आणण्यासाठीं खालीं सुवास व नाकाशीं दुर्गंध, आणि खालीं उतरलेलें वर पाठविण्यासाठीं याच्या उलट, असा धुरीचा विधि होता. हिपॉक्रेटीसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथसमूहांत तर एक भयंकर प्रकार सांगितला आहे: स्त्रीला शिडीला बांधून, डोकें खालीं व पाय वर करून ती शिडी हलवावयाची, म्हणजे खालीं आलेलें अंग आपल्या भारानें आंत जाईल! परंतु त्याच परंपरेंत एक समंजस युक्तीही होती. अर्धें डाळिंब घेऊन तें आधारासाठीं आंत ठेवीत असत. डाळिंबाची सालच मुळांत तुरट व आंकुंचन करणारी. शिवाय त्याचा आकार पेल्यासारखा. आजच्या रबरी वा सिलिकोनच्या साधनांचा दूरचा पूर्वज म्हणून या डाळिंबाकडे बोट दाखवावें लागेल.

या कल्पनांच्या धुक्यांतून पहिला स्वच्छ आवाज ऐकूं येतो तो इफिससच्या सोरेनसचा. हा वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोम येथें धंदा करीत होता. गर्भाशय हें बिळांतून बाहेर पडणारें जनावर नव्हे, हें त्यानें निक्षून सांगितलें. शिडीचा उपचार त्यानें त्याज्य ठरविला. डाळिंबालाही त्याचा विरोध होता, कारण तें कठीण असल्यामुळें नाजूक भागाला इजा करील. त्यानें सुचविलें तें असें: बाहेर आलेला भाग हळुवारपणें स्वच्छ करावा, हातानें आंत बसवावा, तुरट द्रवांत भिजविलेला मऊ लोकरीचा गोळा ठेवावा, वरून पट्टा बांधावा आणि बाईला पाय जुळवून स्वस्थ पडूं द्यावें. सोरेनसचा ग्रंथ सुइणींना काय ठाऊक असावें हें डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेला आहे, हें आम्हांला विशेष महत्त्वाचें वाटतें. ज्यानें सुइणींशीं बोलणें चालविलें त्यालाच स्त्रीच्या देहांत जनावर दिसलें नाहीं.

आपल्याकडील आयुर्वेदांतही या व्याधीचा विचार आहे. चरक व सुश्रुत या दोघांनींही योनीच्या वीस व्यापदा मोजलेल्या आहेत. त्यांपैकीं सुश्रुताची 'प्रस्रंसिनी' म्हणजे जागेवरून सरकणारी. तिच्या चिकित्सेंत तूप चोळणें, दुधाच्या वाफेनें शेकणें, मग तो भाग आंत बसविणें, वेशवाराचा म्हणजे मसाले घालून शिजविलेल्या कुटलेल्या मांसाचा गोळा वर ठेवून बंध बांधणें, असा क्रम दिलेला आहे. तेलांत भिजविलेला कापसाचा बोळा, ज्याला 'पिचु' म्हणतात, तोही याच जातीचा. चरकाचें म्हणणें असें कीं, स्थानापासून ढळलेला हा अवयव स्त्रीला शल्यासारखा, म्हणजे देहांत रुतलेल्या परक्या पदार्थासारखा होतो. व्याधि भोगणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकल्यावांचून हें सुचणें कठीण आहे. 'आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें' असें म्हणण्याची हौस आम्हांला नाहीं. सोरेनसची लोकर आणि सुश्रुताचा वेशवार यांत फारसें अंतर नाहीं, आणि दोन्हींचा गुण तात्पुरताच. परंतु तूप, दूध व बंध हा क्रम सांगणाऱ्या वैद्यानें त्या देहाला मायेनें हात लाविला होता, एवढें खास.

यानंतर पुष्कळ शतकें नवें असें फार थोडें घडलें. मेलेल्या मनुष्याचें शरीर फाडून पाहिल्यावांचून आंतील बंध कोठें आहेत हें कळणार कसें? सन १५४३ मध्यें व्हेसेलियसचा शरीररचनेवरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही कोंडी फुटली. त्याच शतकांत फ्रान्सच्या चार राजांच्या पदरीं राहिलेला आंब्रोआज पारे (१५१० ते १५९०) हा शस्त्रवैद्य होऊन गेला. हा मूळचा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या वर्गांतला, लॅटिन न जाणणारा, पण हाताचा कुशल मनुष्य. त्यानें ठोकलेल्या पितळेच्या व मेण चढविलेल्या बुचाच्या लंबवर्तुळाकार पेसऱ्या बनविल्या. येथें सोंगटीचें रूप प्रथमच टिकाऊ झालें. डाळिंब दोन दिवसांत कुजतें. पितळ कुजत नाहीं. पण जें कुजत नाहीं तें विसरलेंही जाऊं शकतें, आणि या टिकाऊपणाची किंमत पुढें कित्येक स्त्रियांना द्यावी लागली.

आतांपर्यंत आलेलीं नांवें पुरुषांचीं आहेत. सतराव्या शतकांत मात्र एक नांव असें भेटतें कीं, त्यापाशीं थांबल्यावांचून आम्हांला पुढें जाववत नाहीं. सायलीशिया प्रांतांत सन १६३६ मध्यें जन्मलेली युस्टीना झीगमुंड ही एका पाद्रीबोवाची मुलगी. लग्न झाल्यानंतर, विशीच्या सुमारास, तिच्या पोटांत त्रास सुरूं झाला. सुइणींनीं ती गरोदर असून अडली आहे असें ठरविलें, आणि जें मूल नव्हतेंच तें बाहेर काढण्यासाठीं तिचे अपरिमित हाल केले. वस्तुतः तिला गर्भाशयभ्रंश झालेला होता. या यातनेंतून वांचलेल्या युस्टीनानें आपल्या देहांत काय आहे हें स्वतः शिकून घेण्याचा निश्चय केला. ग्रंथ वाचले, चित्रें पाहिलीं, आधीं गरीब शेतकरी बायकांचीं बाळंतपणें केलीं, आणि पुढें ती बर्लिन येथें ब्रांडेनबुर्गच्या दरबाराची सुईण झाली. सन १६९० मध्यें तिनें सुइणींसाठीं सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला स्वतःला मूल झालें नाहीं. ज्या व्याधीविषयीं बायका तोंड मिटून बसतात, त्याच व्याधीनें एका बाईला ग्रंथकर्त्री केलें, हें या इतिहासांतील आमच्या मतें सर्वांत मोठें आश्चर्य आहे.

एकोणिसाव्या शतकांत आमची कथा अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं जाते. चार्ल्स गुडइयर यानें सन १८३९ मध्यें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली व सन १८४४ मध्यें तिचें पेटंट घेतलें. त्यामुळें पेसरीला नवा देह मिळाला. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांतील प्रसूतिशास्त्राचे अध्यापक ह्यू लेनॉक्स हॉज (१७९६ ते १८७३) यांच्या मनांत गर्भाशयाला आधार कसा द्यावा हाच प्रश्न घोळत होता. एके संध्याकाळीं शेगडीजवळ बसले असतां कोळशाचें फावडें व चिमटा अडकविण्याच्या वाकलेल्या लोखंडी आधाराकडे त्यांची दृष्टि गेली, आणि तरफेसारख्या वळणाची पेसरी त्यांना सुचली. दृष्टि क्षीण होत चालली असतांही त्यांनीं सन १८६० मध्यें या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नांवाची पेसरी अद्यापि प्रचारांत आहे. त्याच शहरांतील दुसरे अध्यापक चार्ल्स मेग्ज यांनीं लवचिक कड्याची पेसरी पुढें आणली, आणि आजचें कडें त्याच वाटेनें आलेलें आहे. परंतु हेच मेग्ज सूतिकाज्वराचा संसर्ग डॉक्टरांच्या हातांनीं पसरतो हें मानावयास तयार नव्हते, आणि प्रसूतींत भूल देण्यासही त्यांचा विरोध होता. एकाच मनुष्याच्या हातून स्त्रियांना आधारही मिळावा व अपायही व्हावा, असें इतिहासांत वारंवार दिसतें.

अपाय पेसरीकडूनही झाला. गर्भाशय जरासें मागें कललें कीं कंबरदुखी, डोकेदुखी, वांझपण, उदासपणा, सर्व कांहीं त्यामुळेंच, असें मानण्याची त्या काळीं साथच आली. गर्भाशय भटकतें हें प्लेटोचें जनावर गेलें होतें. 'गर्भाशय कललें' हें नवें जनावर त्याच्या जागीं येऊन बसलें. ज्यांना कांहीं एक झालें नव्हतें अशा स्त्रियांनाही पेसऱ्या बसविण्यांत आल्या. बसविलेल्या विसरल्या जाऊन व्रणही झाले. सन १८६७ मध्यें न्यू हँपशरमधील वैद्यमंडळाचे अध्यक्ष डॉ. बक यांनीं या वेडाची भर सभेंत यथेच्छ टर उडविली. पेसऱ्यांचे त्यांनीं मोजलेले प्रकार १२३ भरले! स्त्रीच्या देहाचें खेळण्यांचें दुकान करूं नका, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. एवढ्या १२३ प्रकारांपैकीं किती प्रकार बाईला विचारून बनविले होते, हा प्रश्न मात्र त्या सभेंत निघाल्याचें दिसत नाहीं.

फिलाडेल्फियाचें नांव निघाल्यावर मराठी वाचकाला आणखी एक नांव आठवल्यावांचून राहणार नाहीं. हॉज व मेग्ज यांच्याच शहरांत सन १८५० मध्यें स्त्रियांसाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें होतें, आणि तेथून ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. अमेरिकेस निघण्यापूर्वीं, सन १८८३ मध्यें, श्रीरामपूर येथील जाहीर भाषणांत त्यांनीं आपल्या जाण्याचें जें कारण सांगितलें त्याचें सार हेंच कीं, हिंदुस्थानांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढें आपलीं दुखणीं उघड करीत नाहींत, म्हणून त्यांना स्त्री डॉक्टर पाहिजेत. त्याच सन १८८६ मध्यें मुंबईस स्त्रियांसाठीं, स्त्री डॉक्टरांनीं चालवावयाचें कामा रुग्णालय सुरूं झालें. आनंदीबाई मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आंतच, निवर्तल्या. त्यांनीं ओळखलेला प्रश्न साधनाचा नव्हता. साधनापर्यंत पोंचण्याचा होता.

विसाव्या शतकाचें वैभव शस्त्रक्रियेचें आहे. सन १८४६ पासून भूल देण्याची विद्या आली, सन १८६७ मध्यें लिस्टरनें जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली, आणि सन १८८८ मध्यें मँचेस्टर येथें आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनीं भ्रंशावर ती शस्त्रक्रिया केली, जी पुढें त्या शहराच्या नांवानें प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तरुण, अद्यापि मुलें व्हावयाचीं असलेल्या स्त्रियांतही ही व्याधि आढळे. त्यांचें गर्भाशय काढून टाकणें हा उपाय नव्हे. या प्रश्नाला मुंबईच्या शस्त्रवैद्यांनीं हात घातला. गोव्यांतील शिरोडा गांवीं सन १८९९ मध्यें जन्मलेले व मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं गर्भाशय झोळीसारख्या पट्टीनें वर टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसविली, डॉ. पुरंदरे यांच्याही नांवाची तशीच एक शस्त्रक्रिया आहे. या कीर्तीपुढें बिचारी पेसरी फिकी पडली. म्हाताऱ्या, दुबळ्या, शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या बायकांची ती कुबडी, अशी तिची गणना होऊं लागली.

परंतु इतिहासाचें चक्र पुन्हां फिरलें. शस्त्रक्रिया चिरकाल टिकावी म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टिकची जाळी योनिमार्गांतून आंत बसवूं लागले. कित्येक स्त्रियांच्या बाबतींत ती जाळी मांसांत रुतून असह्य वेदना देऊं लागली, आणि एकदां बसलेली जाळी काढणें फार कठीण. पुष्कळ स्त्रियांनीं तक्रारी केल्या. बराच काळ त्यांना 'हें तुमच्या मनाचे खेळ' म्हणून परत पाठविलें गेलें. अखेर सन २०१८ मध्यें इंग्लंडनें तिचा वापर थांबविला, सन २०१९ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें भ्रंशासाठीं योनिमार्गांतून बसवावयाच्या अशा जाळ्यांची विक्री बंद करविली, आणि सन २०२० मध्यें लेडी कंबरलेज यांच्या समितीनें आपल्या अहवालांत स्त्रियांचें म्हणणें ऐकलें गेलें नाहीं असा स्पष्ट ठपका ठेविला. मग जुनें कडें पुन्हां कपाटांतून बाहेर आलें.

आजचें कडें मऊ सिलिकोनचें असतें. तें दुमडून आंत सरकवितात. आंत गेल्यावर तें उघडतें, आणि पुढें जघनास्थीच्या मागें व मागें गर्भाशयमुखाच्या पाठीमागें टेकून मधला भाग तोलून धरतें. माप बरोबर असलें तर बाईला त्याचा पत्ताही लागत नाहीं. चालणें, बसणें, लघवी सर्व सुरळीत होतें. कड्यानें व्याधि बरी होत नाहीं, आधार मिळतो, चष्म्यानें मिळतो तसा. तें वेळोवेळीं काढून धुतलें पाहिजे व डॉक्टरांकडून तपासून घेतलें पाहिजे. विसरल्यास घाण स्राव व व्रण हे आलेच. तें प्रत्येकीलाच मानवतें असेंही नाहीं. नेदरलंड्समध्यें ४४० स्त्रियांवर कडें व शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यांत आली. तिचा निकाल सन २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा सुमारें ८१ व कड्याच्या गटांत शेंकडा सुमारें ७६ स्त्रियांनीं बरें वाटत असल्याचें सांगितलें. परंतु कड्यानें आरंभ केलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रिया मध्यंतरीं शस्त्रक्रियेकडे वळल्या होत्या. म्हणजे शस्त्रक्रियेचा दावा खोटा नव्हे, आणि कडेंही टाकाऊ नव्हे. निवड बाईची.

याहून आम्हांला अधिक बोलकी वाटते ती ब्रिटनमधील ३४० स्त्रियांची पाहणी, जिचा निकाल सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. कांहीं स्त्रियांचीं कडीं नेहमींप्रमाणें दवाखान्यांत बदलण्यांत आलीं. कांहींना तीं स्वतः काढावयास, धुवावयास व पुन्हां बसवावयास शिकविलें. दीड वर्षानंतर दोन्ही गटांचें सौख्य सारखेंच आढळलें, आणि स्वतः काळजी घेणाऱ्यांना उपद्रव कमी झाले. पितळ, बूच, रबर, सिलिकोन अशी पदार्थांची लांब यात्रा होऊन अखेर ज्ञान कोठें पोंचलें, तर ज्या बाईचा देह आहे तिच्याच हातांत. युस्टीना झीगमुंडला हें कळून तीनशें वर्षें झालीं होतीं.

आपल्या देशाची स्थिति काय? डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून सन १९८९ मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यानें जगाचे डोळे उघडले. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि पूर्वीं कधीं तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा सुमारें ८ च होत्या. ही केवळ भ्रंशाची संख्या नव्हे, सर्व स्त्रीरोगांची आहे. पण आमच्या आत्याआजींच्या मौनाचें माप तींत मिळतें. शेजारच्या नेपाळांत तर हा प्रश्न न्यायासनापुढें गेला, आणि सन २००८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रजननस्वास्थ्य हा स्त्रियांचा हक्क असल्याचें सांगून गर्भाशयभ्रंशाच्या उपचाराची सोय करण्याचा सरकारला आदेश दिला. चुलीमागें कुजबुजत बोलावयाची गोष्ट न्यायालयाच्या निकालपत्रांत आली, ही लहान घटना नव्हे.

हें गडचिरोलीचें व नेपाळचें झालें, आमच्या सुशिक्षित घरांत असें नाहीं, अशी कोणी समजूत करून घेऊं नये. आमच्या आत्याआजींचें घर शिकलेलें होतें. त्या घरांत वर्तमानपत्र येत होतें, दोन पदवीधर होते, आणि हांकेच्या अंतरावर डॉक्टर होता. उणीव ज्ञानाची नव्हती, विचारण्याची होती. आम्हां पुरुषांना विचारावयाचें सुचलें नाहीं, आणि सांगितलें तर ऐकलें जाईल असा भरंवसा त्यांना कधीं वाटला नाहीं.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. घरांतली वडीलधारी बाई जड वस्तु उचलावयास कां कचरते, लग्नकार्याला, लांबच्या प्रवासाला कां नको म्हणते, याचा एकदां विचार करावा. सुनांनीं सासूला, मुलींनीं आईला संकोच सोडून विचारावें. आणि पुरुषांनीं 'बायकांच्या गोष्टी' म्हणून उठून न जातां डॉक्टरांकडे नेण्याची तयारी दाखवावी. व्यायाम, कडें कीं शस्त्रक्रिया, हें नंतर तिनें व डॉक्टरांनीं ठरवावें. आमच्या आत्याआजींना तो प्रश्न कोणीं चाळीस वर्षांत विचारला नाहीं. दोरीवर लुगड्याच्या आड वाळणारा तो लंगोट आम्हीं रोज पाहिला होता, इतकेंच आमच्या वांट्याला आलें आहे.